फवारणीच्या ड्रोनला जमिनीवरचा सोबती: छोट्या रानासाठी गाडा कसा बांधावा

दहा लिटरचा ड्रोन एक एकर फवारायला हवेत किती वेळ घेतो, हे गणित सोपं आहे. वेग सेकंदाला 4 मीटर आणि पट्टा साडेतीन मीटरचा धरला, तर सेकंदाला 14 चौरस मीटर रान होतं. एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर. भागाकार केला की 290 सेकंद, म्हणजे पाच मिनिटांच्या आत-बाहेर. वळणं धरून सहा-सात म्हणा. आता खाली किती वेळ जातो ते घड्याळ लावून बघा. ड्रोन उतरला, पंखे थांबले, झाकण काढलं, बादली आणली, गाळणी कुठे ठेवली ते शोधलं, ओतलं, फेस आला, फेस बसायची वाट पाहिली, बॅटरी बदलली, टॅबलेटवर राहिलेली ओळ शोधली, सगळे लांब सरकले आणि मग कुठे उड्डाण. वीस-वीस गुंठ्यांचे तुकडे असतील तर जमिनीवरचा वेळ हवेतल्या वेळाच्या पुढे जातो.

मी ड्रोन उडवतो आणि वेल्डिंगही करतो, त्यामुळे लोक दोन्ही प्रश्न घेऊन येतात. मोठा ड्रोन घेऊ का, हा पहिला. माझं उत्तर ठरलेलं असतं: आहे तो ड्रोन ठेवा, खालचं काम यंत्राकडे द्या. त्यासाठी लागतो चाकांवरचा एक गाडा. त्यावर पाणी, मिश्रण, पंप, ड्रोन उतरायचं पॅड आणि थोडी अक्कल असलेलं एक कंट्रोलर बोर्ड. गाडा स्वतः चालला पाहिजे ही अट सगळे पहिल्यांदा घालतात, कारण व्हिडिओत तेच छान दिसतं. माझ्या मते ते काम सगळ्यात शेवटी करावं. आधी गाड्याला अचूक भरता यावं, मग ड्रोनला त्यावर नेमकं उतरता यावं आणि मग चाकांना मोटारी लावाव्यात. पहिल्या टप्प्यावर थांबलात तरी निम्म्याहून जास्त फायदा पदरात पडतो.

सांगाडा

रुंदी आधी ठरवा, कारण ती तुमच्या हातात नसते. पाणंद, बांध आणि दोन शेतांमधली वाट यातली सगळ्यात अरुंद जागा टेपने मोजा आणि गाडा त्याहून वीतभर कमी ठेवा. बहुतेक ठिकाणी तो एक मीटरच्या आत बसवावा लागतो. पॅड मात्र त्यापेक्षा रुंद लागतं. दहा लिटरच्या ड्रोनचे पाय साधारण दोन-सव्वादोन फुटांच्या चौकोनात टेकतात आणि थोडी चूक सोसायला जागा हवी, म्हणून पॅड सव्वा मीटरचं चौरस धरा. दोन्ही बाजूंना बिजागरीवर दुमडणारे पंख केले की प्रश्न सुटतो: चालताना वर, थांबल्यावर खाली.

पाण्याचं वजन जितकं खाली जाईल तितकं न्या. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. ते पॅडच्या उंचीवर ठेवलंत तर बांधाच्या उतारावर गाडा कलंडणार. टाकी दोन आसांच्या मध्ये, चाकांच्या मध्यरेषेच्या जवळ. टाकीच्या आत आडव्या पट्ट्या असाव्यात, नाहीतर अर्ध्या भरलेल्या टाकीतलं पाणी प्रत्येक खड्ड्यात गाडा ढकलतं. चारही कोपऱ्यांना फिरवून खाली करायचे जॅक लावा. ते फक्त स्थिरतेसाठी नाहीत. पॅड पातळीत नसेल तर त्यावर ड्रोनचं वजन करताना आकडाही चुकतो आणि ड्रोनही घसरतो.

पॅडची वरची बाजू सपाट पत्र्याची करू नका. पंख्यांचा वारा पत्र्यावर आपटून परत वर येतो आणि शेवटच्या फुटात ड्रोन डोलायला लागतो. जाळी टाका, वारा खाली जाऊ द्या. जाळीची भोकं ड्रोनच्या पायाच्या नळीपेक्षा लहान हवीत. जाळीखाली उताराची परात आणि परातीला तोटी, म्हणजे सांडलेलं औषध मातीत न जाता डब्यात येईल. मधोमध मात्र दोन फुटांचा भरीव तुकडा ठेवा. तो का, ते पुढे येईल.

आणखी एक गोष्ट, जी वेल्डिंग करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ड्रोनला दिशा कळते ती होकायंत्राच्या सेन्सरवरून, आणि लोखंडी चौकटीवर बसला की तो सेन्सर बहकतो. मग एकतर ड्रोन मोटारी सुरूच करू देत नाही, किंवा वर गेल्यावर एका जागी थांबायचं सोडून गोल फिरू लागतो. म्हणून खालचा सांगाडा खुशाल लोखंडाचा करा, पण वरचा फूट-दीड फूट अ‍ॅल्युमिनियम किंवा फायबरचा हवा आणि चाकांच्या मोटारी, ज्यांत चुंबक असतात, त्या पॅडपासून लांब. ज्यांच्या ड्रोनवर दोन अँटेनांची जीपीएस आहे आणि दिशा तिच्यावरून घेतली जाते, त्यांना ही काळजी कमी.

टाक्या आणि मिश्रण

टाक्या तीन. एक साध्या पाण्याची, 100 लिटरची. दुसरी मिश्रणाची, 25 लिटरची, तळाला निमुळती. तिसरी फक्त हातपाय आणि डोळे धुण्याची, 20 लिटरची, तिला वेगळी तोटी. या तिसऱ्या टाकीवर लोक हसतात. डोळ्यात औषध उडालं तर निदान 15 मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरायची असते. तेवढं पाणी हाताशी नसेल तर त्या रानात औषधाची बाटली उघडू नये.

मिश्रणाची टाकी लहान ठेवण्याला कारण आहे. दिवसभराचं औषध सकाळी कालवून ठेवलं की ते तळाला बसतं, काही औषधं पाण्यात राहून मंदही होतात, आणि वारा सुटून काम थांबलं तर उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न पडतो. दोन फेऱ्यांपुरतं कालवा, बस्स. ढवळायला पंखा नको. भरण्याच्याच पंपाची एक नळी टाकीत तळाशी परत आणा. ड्रोन हवेत असताना पंप मिश्रण फिरवत राहतो.

ड्रोनच्या फवारणीत एकरी साधारण 10 लिटर पाणी जातं. पाठीवरच्या पंपाने एकरी 200 लिटर जात असेल, तर औषधाची एकरी मात्रा तीच राहून मिश्रण वीसपट तीव्र होतं. या एका आकड्यावर बाकी सगळी रचना उभी आहे. हातावर उडालेला थेंब वीसपट कडक असतो. अर्धा लिटर जास्त भरला गेला तर ती वीस गुणिले अर्धा अशी चूक होते. शिवाय 200 लिटरमध्ये गुण्यागोविंदाने राहणारी दोन औषधं 10 लिटरमध्ये फाटू शकतात. म्हणून नवी जोडी वापरण्याआधी बरणीत बघायचं: एकरी 100 मिली औषध असेल तर एक लिटर पाण्यात 10 मिली, याच प्रमाणात. अर्धा तास ठेवा. गुठळ्या, दह्यासारखा साका किंवा वर तेलकट थर दिसला तर ती जोडी टाकीत जाणार नाही.

कालवण्याचा क्रम पाठ असू द्या. आधी टाकी अर्धी पाण्याने. मग पाण्यात मिसळणारी भुकटी आणि दाणेदार, म्हणजे डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी. नीट ढवळलं की एससी (बारीक कण असलेलं दाट द्रव), त्यानंतर ईसी (द्रावकातलं तेलकट औषध), आणि चिकटद्रव्य सगळ्यात शेवटी. मग उरलेलं पाणी. हा क्रम उलटा झाला की नोझलची गाळणी तुम्हाला सांगतेच. गाळण्या दोन ठिकाणी हव्यात: टाकीतून पंपाकडे जाताना 50 मेशची, म्हणजे 300 मायक्रॉनच्या आसपास, आणि ड्रोनकडे जाणाऱ्या नळीत 100 मेशची, म्हणजे साधारण 150 मायक्रॉन. नोझलमध्ये अडकायचं ते गाड्यावरच अडकलेलं बरं. औषधाच्या पुड्या आणि बाटल्या उघडण्याचं काम यंत्राकडे देऊ नका. ते हातमोजे घातलेल्या, लेबल वाचलेल्या माणसाचंच आहे. लेबलवर ड्रोनने मारायची परवानगी नसेल तर पुढचं काही वाचूच नका.

तोलून भरणं

आता गाड्याची खरी कमाई. लिटर मोजायला बहुतेक जण नळीत फ्लो मीटर बसवतात. स्वस्तातलं वायएफ-एस201 लिटरला सुमारे 450 ठोके देतं, पाण्यावर ते ठीकही चालतं. पण त्याचं चक्र हवेच्या बुडबुड्यानेही फिरतं, आणि फेसाळ मिश्रणात ते सांगतं दहा, टाकीत असतात साडेनऊ. प्लॅस्टिकला ईसी औषधातला द्रावक लागला की चक्र हळूहळू अडखळायला लागतं ते वेगळंच. मी म्हणेन, ड्रोनच तोला.

पॅडच्या चार कोपऱ्यांखाली चार लोडसेल, म्हणजे वजन मोजणारे सेन्सर, प्रत्येकी 50 किलोचे. भरलेला ड्रोन 25 किलोच्या आसपासचा, तरी चार मिळून 200 किलो घ्या, कारण ड्रोन कधी अलगद बसतो, कधी धप्पकन. प्रत्येक सेलखाली एक बोल्ट असा ठेवा की पॅड एक-दोन मिलिमीटर दबलं की बोल्टवर टेकेल आणि सेल वाचेल. चारही सेलच्या तारा एकत्र जोडून एचएक्स711 नावाच्या छोट्या चिपकडे न्या. ती सेकंदाला 10 किंवा 80 वाचनं देते. 10 वर ठेवा, आकडा शांत राहतो. कंट्रोलर साधा आर्डुइनो किंवा ईएसपी32 पुरतो. तोल पक्का करायला दुकानातली वजनं लागत नाहीत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मापाची कॅन भरून पॅडच्या मधोमध ठेवा, मग प्रत्येक कोपऱ्यावर ठेवा. कोपऱ्यांत आकडा बदलत असेल तर पॅड कुठेतरी घासतंय.

भरण्याचा क्रम असा लावा: पंखे थांबले की आधी बॅटरी बदलायची, मग तोल शून्य करायचा, मग नळी जोडायची, मग पंप. बॅटरीचं वजन थोडं कमी-जास्त असतं, म्हणून शून्य तिच्यानंतर. नळीचं वजन आकड्यात येऊ नये म्हणून ती वरच्या हुकाला स्प्रिंगने टांगून ठेवा आणि जोडण्याआधीचा आणि जोडल्यानंतरचा फरक कंट्रोलरला वजा करायला लावा.

पंप मिनिटाला 12 लिटरचा असेल तर सेकंदाला 200 मिली जातात. व्हॉल्व्ह बंद व्हायला एक सेकंद लागला तरी 200 मिली जास्त. यावर उपाय म्हणजे शेवटचा अर्धा लिटर पंप मंद करायचा. स्क्रीनवर हे बघायला मजा येते: 8.9, 9.1, 9.3 असा आकडा भराभर धावतो, साडेनऊला पंपाचा आवाज बदलतो, मग 9.6, 9.7 असा एकेक पाऊल टाकत तो दहाला येऊन थांबतो. फेस टाकीच्या गळ्यापर्यंत आलेला असतो, आपण बादलीने ओतत असतो तर 'भरली' म्हणून केव्हाच थांबलो असतो.

नळी जोडायचं कपलिंग ड्राय ब्रेक जातीचंच घ्या, जे काढताना दोन्ही बाजूंनी बंद होतं आणि थेंबभरच सांडतं. ते ड्रोनच्या टाकीत खालच्या बाजूने बसवलं तर फेस कमी येतो. नळी जोडायला यांत्रिक हात बनवायचा मोह होईल. करू नका. चिखल, औषधाचा चिकटपणा आणि इकडे-तिकडे बसलेला ड्रोन यांत नेमकं कपलिंग शोधणारा हात हे महिन्यांचं काम आहे, आणि माणूस ते दोन सेकंदांत करतो. माणूस तिथे बॅटरीसाठी असतोच.

हात पंख्यांजवळ जाणार म्हणजे कुलूप हवं. ड्रोनचा मेंदू म्हणजे पिक्सहॉक हा बोर्ड आणि त्यावरचं आर्डूपायलट हे खुलं सॉफ्टवेअर असेल, तर तो मॅव्हलिंकवर, म्हणजे ड्रोनच्या संदेशांच्या ठरलेल्या भाषेत, दर सेकंदाला 'मी जिवंत आहे' असा संदेश पाठवतो आणि त्यातच मोटारी सज्ज आहेत की नाहीत तेही असतं. गाड्याच्या रेडिओने तो वाचायचा. मोटारी सज्ज असताना पंप सुरू होणार नाही, आणि संदेश येत नसेल तर मोटारी सज्जच आहेत असं धरायचं. उलट बाजूने, कपलिंगला एक छोटा स्विच लावा. नळी जोडलेली असताना ड्रोनने सज्ज होऊ नये. आर्डूपायलटमध्ये लुआ स्क्रिप्टने असं अडवता येतं. बंद डब्यातला ड्रोन असेल, ज्याच्या सॉफ्टवेअरला हात लावता येत नाही, तर उतरल्यावर पहिलं काम बॅटरीचा प्लग ओढणं. सगळ्यात भरवशाचं कुलूप तेच.

तोलाचा दुसरा उपयोग भरण्याइतकाच मोलाचा. उतरलेल्या ड्रोनमध्ये किती उरलं तेही कळतं. हिशेबाने 300 मिली उरायला हवं आणि तोल सांगतो सव्वा लिटर, तर एखादं नोझल तुंबलंय. उलट लवकर संपलं तर गळती आहे, किंवा नोझलचं भोक झिजून मोठं झालंय. नवीन असतानाच्या मापापेक्षा 10 टक्के जास्त सोडणारं नोझल बदलायचं असतं. यात एक मेख आहे. ज्या ड्रोनवर प्रवाह मोजून पंप आपोआप कमी-जास्त होतो, तिथे एक नोझल तुंबलं की बाकीची जास्त मारतात आणि एकूण वजन बरोबर येतं. तोल फसतो. अशा ड्रोनला रोज सकाळी साध्या पाण्यावर प्रत्येक नोझलखाली पेला धरून मिनिटभर मोजायचं.

नेमकं उतरणं

साध्या जीपीएसची चूक दोन-तीन मीटरची. सव्वा मीटरच्या पॅडसाठी ती निरुपयोगी. आरटीके, म्हणजे जमिनीवरच्या स्थिर बेसकडून दुरुस्ती घेणारी जीपीएस, लावली तर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत येतं, पण आरटीकेचा बेस एका जागी गाडलेला हवा. तो गाड्यावर ठेवून गाडा पुढे नेला की ड्रोनच्या सगळ्या ओळी सरकतात, शेजारच्या पिकावर औषध जातं. बेस बांधावर तिकाटण्यावर ठेवा आणि गाड्यावर दुसरा रिसीव्हर बसवून त्याची जागा ड्रोनला कळवत राहा.

आरटीके नसेल तर कॅमेरा. ड्रोनच्या पोटाला खाली बघणारा कॅमेरा, आणि पॅडच्या मधल्या भरीव तुकड्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची अरुको खूण. खुणा दोन लागतात. चाळीस-पन्नास सेंटिमीटरची मोठी खूण आठ-दहा मीटरवरून दिसते, पण शेवटच्या मीटरमध्ये ती कॅमेऱ्यात मावत नाही. तेव्हा तिच्या मधली दहा सेंटिमीटरची छोटी कामाला येते. छपाई मंद हवी, चकचकीत नको, दुपारच्या उन्हात चकाकणारी खूण कॅमेऱ्याला पांढरा ठिपका दिसते. कॅमेऱ्याशेजारच्या छोट्या कॉम्प्युटरने खूण ओळखून मॅव्हलिंकचा लँडिंग टार्गेट संदेश पाठवायचा, बाकी आर्डूपायलट बघतो. उंचीसाठी खाली तोंड केलेला लिडार (लेसरने अंतर मोजणारा सेन्सर) किंवा रडार लागतोच, आणि तुकडा भरीव ठेवायला सांगितलं ते यासाठी: लिडारचा किरण जाळीतून आरपार जाऊन परातीची किंवा मातीची उंची सांगतो आणि ड्रोन शेवटी आपटतो.

खूण हरवली तर काय, हे आधीच ठरवून टाका. ड्रोनने तिथल्या तिथे बसू नये. वर जाऊन थांबावं, पुन्हा बघावं, तरी न जमलं तर तुमच्या रिमोटची वाट पाहावी. आर्डूपायलटच्या अचूक लँडिंगच्या सेटिंगमध्ये हा कडकपणा निवडता येतो. त्यामुळे परतीला बॅटरी हातची राखा, निदान दोन मिनिटांची. आणि प्रत्येक फेरीला दोन पुसण्या: खुणेवरून ओलं फडकं, भिंगावरून कोरडं. स्वतःच्याच फवाऱ्याचे कण भिंगावर बसतात हे पहिल्या दिवशी कोणालाच सुचत नाही.

बॅटरीचं गणित

छोट्या रानांवर माणसाविना फवारणी बॅटरीच्या ड्रोनने सुरू झाली नाही. जपानमध्ये यामाहाचं आर-50 हे फवारणीचं मानवरहित हेलिकॉप्टर 1987 साली आलं, आणि त्यात इंजिन होतं; इंधन ओतलं की पुढची फेरी. बॅटरीने उडणं सोपं केलं आणि ओझं खाली टाकलं.

हिशेब मांडू. सहा पेशींच्या 16 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून साधारण 710 वॅट-तास होतात. त्या अर्ध्या तासात भरायच्या तर प्रत्येकीला 32 अँपिअर, म्हणजे 800 वॅट. दोघींना 1,600 आणि चार्जरची गळती धरून दोन किलोवॅटच्या जवळ. एका वेळी एकच जोडी भरायची तर जनरेटर 3 किलोवॅटचा घ्या, घासून चालवू नका. उड्डाण 8 मिनिटं आणि जमिनीवर 3, म्हणजे 11 मिनिटांचा फेरा. उतरलेली बॅटरी गरम असते, ती पंधरा मिनिटं निवू द्यायची आणि मग अर्धा तास चार्जिंग: 45 मिनिटं. भागून चार जोड्या खाली आणि एक हवेत. पाच जोड्या असतील आणि एका वेळी तीन जोड्या भरतील एवढे चार्जर आणि सहा किलोवॅटच्या वरचा जनरेटर असेल, तर काम अखंड चालतं. तीनच असतील तर गाडा कितीही हुशार केलात तरी तुम्ही बांधावर बसून राहणार, तेव्हा आधी बॅटऱ्या घ्या.

चार्जर आणि बॅटऱ्या गाड्यावर मिश्रणाच्या टाकीखाली कधीच नको. मी त्या वेगळ्या पेटीत, सावलीत, चार-पाच मीटर लांब ठेवतो आणि शेजारी वाळूची बादली. बॅटरी आपोआप बदलणारी यंत्रं असतात, पण मोकळ्या संपर्कांवर चिखल आणि औषधाचं पाणी आलं की पन्नास व्होल्ट काय करतात ते बघायची हौस मला नाही.

गाडा कुठे थांबवायचा

इथे यंत्रापेक्षा नजर लागते. ड्रोन 200 मीटर लांबून भरायला येत असेल तर सेकंदाला 5 मीटरने 40 सेकंद येताना, 40 जाताना. आठ मिनिटांच्या बॅटरीतला सहावा हिस्सा नुसत्या येण्याजाण्यात गेला. म्हणून गाडा तुकड्याला चिकटून हवा, आणि शक्यतो अशा कोपऱ्यावर, जिथून तीन-चार तुकड्यांना पोचता येतं. वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबवायचा, म्हणजे फवारा तुमच्या अंगावर येणार नाही. विहिरीपासून आणि मधमाश्यांच्या पेट्यांपासून लांब. डोक्यावर वीजेची तार नको.

गाड्याच्या काठीला दोन मीटर उंचीवर वाऱ्याचं मीटर बसवा आणि कंट्रोलरला जोडा. वारा सेकंदाला 3 मीटरच्या वर गेला की पंप सुरूच होत नाही. हे मी मुद्दाम यंत्राकडे दिलंय. संध्याकाळी शेवटचा तुकडा राहिलेला असतो, मालक शेजारी उभा असतो, आणि 'एवढं मारून टाक की' म्हणतो. तेव्हा माणसाने नाही म्हणण्यापेक्षा स्क्रीनवरच्या लाल अक्षरांनी म्हटलेलं बरं पडतं.

चाकं

आता मोटारी. भरलेला गाडा 250 किलोचा धरा. मऊ मातीत ढकलायला वजनाच्या पंधरा टक्के जोर लागतो, म्हणजे सुमारे 370 न्यूटन. दहा टक्के चढ आला तर आणखी 245. चालण्याचा वेग सेकंदाला 0.8 मीटर ठेवला तर चाकांपाशी 490 वॅट लागतात. गिअर आणि तारांतलं नुकसान धरून 500 वॅटच्या दोन गिअर मोटारी पुरतात. चाकाची त्रिज्या 20 सेंटिमीटर असेल तर मिनिटाला 38 फेरे, तेवढा कमी वेग देणारा गिअर निवडा. वर्म गिअर असेल तर वीज गेली तरी गाडा उतारावर बहुतेक धरून राहतो. तरी हाताचा ब्रेक लावायचाच.

दोन बाजूंच्या चाकांच्या वेगातल्या फरकाने वळणारा गाडा बनवायला सोपा, पण जागच्या जागी वळताना तो बांध खरवडतो. वळणं मोठी द्या, कडक जागेवर द्या. सुरुवातीला नुसत्या रिमोटने चालवा. तेवढ्याने समाधान झालं तर तिथेच थांबायला हरकत नाही, मी ओळखतो त्यातले बरेच थांबले आहेत. पुढे जायचं असेल तर आर्डूपायलटचंच रोव्हर सॉफ्टवेअर घ्या, गाडा एकदा हाताने पाणंदीतून न्या, वाटेतले बिंदू साठवा आणि मग तेच बिंदू त्याला परत चालायला लावा. दाट झाडांखाली जीपीएस डगमगते. तिथल्या पट्ट्यात रिमोट हातात घ्यायचा. पुढे-मागे बंपरला स्विच, दोन्ही बाजूंना दाबताच गाडा थांबवणारं लाल मशरूम बटण, आणि रिमोटचा संपर्क तुटला की गाडा जागीच थांबला पाहिजे. पॅड उघडलेलं असताना चाकं फिरणार नाहीत, असाही एक स्विच बिजागरीला लावा. चालत्या गाड्यावर ड्रोन उतरवण्याच्या फंदात पडू नका. शेतात त्याची गरज पडेल असा प्रसंग मला अजून सुचलेला नाही.

पहिली चाचणी आणि रोजची धुलाई

ड्रोन उडवण्याचा परवाना, नोंदणी आणि नजरेच्या टप्प्यात उडवण्याचे तुमच्या देशातले नियम गाड्यामुळे बदलत नाहीत. ते आधी पूर्ण करा. सगळ्या चाचण्या साध्या पाण्यावर. आधी ड्रोन हाताने उचलून पॅडवर ठेवा आणि भरून बघा. मग रिमोटने उतरवा, मग खुणेवर. रानात पानांच्या उंचीवर पाण्याने रंग बदलणारे पिवळे कागद लावा. थेंब पडला की निळा ठिपका उमटतो. पट्ट्याच्या कडेला ठिपके विरळ असतील तर ओळींमधलं अंतर कमी करा, म्हणजे मग साडेतीन मीटरचे तीन मीटर होतील आणि वर सांगितलेली वेळ वाढेल.

काम संपलं की मिश्रणाची टाकी, नळी आणि ड्रोन तीन वेळा थोड्या-थोड्या पाण्याने धुवा. एकदम भरपूर पाण्याने एकदा धुण्यापेक्षा तेवढंच पाणी तीन भागांत वापरलेलं जास्त स्वच्छ करतं. ते धुवण त्याच फवारलेल्या रानात मारून टाकायचं, ओढ्यात किंवा विहिरीजवळ नाही. रिकाम्या बाटल्याही तीनदा विसळून ते पाणी टाकीत, आणि बाटलीला भोक पाडायचं म्हणजे तिच्यात कोणी पुन्हा काही भरणार नाही. गाळण्या काढून जुन्या टूथब्रशने घासा. लोडसेलवर चिखल साचला असेल तर पाण्याचा फवारा न मारता फडक्याने पुसा. आणि दुसऱ्या दिवशी काम नसेल तर बॅटऱ्या भरलेल्या ठेवू नका, पेशीमागे 3.8 व्होल्टवर आणून पेटीत ठेवा.